मृगाआधीची साफसफाई

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात खंडेनवमी हा यंत्रांचा दिवस असतो. लेथपासून सीएनसीपर्यंतची यंत्रे त्या दिवशी बंद ठेवून पुसली जातात, त्यांच्या खाचांतील धातूचा किस काढला जातो, तेलपाणी होते आणि मग झेंडूच्या माळा घालून व हळद-कुंकू वाहून त्यांची पूजा केली जाते. याच पट्ट्यातील घरांत शस्त्रांच्या जागी आता दूरचित्रवाणी संच, संगणक, मिक्सर आणि दुचाकी पूजेला असतात, आणि नवरात्राच्या तोंडावर घर झाडून-पुसून, धुऊन काढण्याच्या रिवाजात या उपकरणांचाही नंबर लागतो. तरीही कारखान्यातील साफसफाई आणि घरातील साफसफाई यांत एक मोठी दरी राहून गेली आहे. कारखान्यात यंत्र स्वच्छ करणे हे कामाचे एक अंग म्हणून शिकवले जाते, त्याची पद्धत तक्त्यावर लिहून भिंतीला लावली जाते. घरात मात्र तेच काम ओले फडके आणि अंदाज यांच्या भरवशावर चालते, आणि पाळीवर असताना चालू यंत्राजवळ हात न नेणारा कुशल कामगारही घरी आल्यावर पिन बोर्डात तशीच ठेवून मिक्सर पुसायला घेतो. या पट्ट्याने सहा-सात दशकांत कमावलेली शिस्त कंपनीच्या फाटकाशी थांबावी, असे कोणतेही कारण नाही.

स्वच्छतेशी या भूमीचे नाते जुने आहे. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले, तेव्हा निर्जंतुक हवा आणि निर्जंतुक भांडी ही उत्पादनाची पहिलीच अट होती, कारण परका जंतू शिरला तर किण्वनाचा संपूर्ण घाणा वाया जातो. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी येथे वाहन व अभियांत्रिकी उद्योग वाढले, पुढे तो विस्तार चाकणपर्यंत गेला, आणि या उद्योगांबरोबर जपानी व्यवस्थापनाची परिभाषाही येथील कामगारांच्या तोंडी रुळली. ‘फाइव्ह एस’ या पाच पायऱ्यांच्या पद्धतीत नको असलेले वेगळे काढणे आणि उरलेले जागच्या जागी लावणे यांनंतर तिसरी पायरी येते ती ‘सेइसो’, म्हणजे झाडलोट व पुसणे. १९७१ मध्ये जपानच्या निप्पॉनडेन्सो कंपनीत आकाराला आलेल्या ‘टीपीएम’ या देखभाल पद्धतीने त्यावर आणखी एक विचार बसवला, तो असा की यंत्र पुसणे हीच यंत्राची तपासणी होय. यंत्र चालवणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने पुसले, तर सैल झालेला बोल्ट, झिरपणारे तेल, तडा गेलेले आवरण आणि नेहमीपेक्षा जास्त तापणारी मोटार त्याला बिघाडाच्या आधी सापडते. चालवणाऱ्यानेच यंत्राची देखभाल करण्याच्या, कारखान्यात ‘जेएच’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमाची पहिली पायरी म्हणूनच साफसफाईची असते.

या शिस्तीचा दुसरा भाग सुरक्षेचा आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील २२ वे कलम चालत्या यंत्रासंबंधी होते: यंत्र चालू असताना त्याची तपासणी वा वंगण करणे अपरिहार्यच असेल, तर ते काम प्रशिक्षित प्रौढ कामगाराने अंगाबरोबर बसणारे कपडे घालूनच करावे, असा त्याचा आशय होता. लोंबणारी बाही, पदर किंवा ओढणी फिरत्या भागात ओढली जाते हे कायद्याने पाऊण शतकापूर्वी लक्षात घेतले, पण टेबल फॅन किंवा आटाचक्की पुसताना घरात ते क्वचितच कोणाच्या मनात येते. याच्या जोडीला कारखान्यात ‘लॉकआउट-टॅगआउट’ची रीत असते. दुरुस्तीपूर्वी यंत्राचा मुख्य खटका बंद करून त्याला कुलूप घालायचे, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावायची, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातून वीज चालू होत नाही.

घरात कुलपाची गरज नाही, पिन बोर्डातून काढून ती डोळ्यांसमोर ठेवणे पुरेसे असते. केवळ बटण बंद करणे मात्र पुरेसे नसते, आणि त्याचे कारण विजेच्या जोडणीत आहे. घरातील २३० व्होल्टची वीज दोन तारांतून येते; त्यांपैकी ‘फेज’ तारेत दाब असतो आणि ‘न्यूट्रल’ तार परतीची असते. बोर्डावरचे साधे बटण या दोहोंपैकी एकच तार तोडते. वायरमनच्या चुकीने ते न्यूट्रलवर बसलेले असेल, तर बटण बंद केल्यावर उपकरण थांबते खरे, परंतु त्याच्या आतील भागांपर्यंत विजेचा दाब तसाच राहतो आणि ओले फडके त्या दाबाला माणसाच्या हातापर्यंत वाट करून देऊ शकते. दुसरा धोका वीज गेलेली असतानाचा आहे. भोसरी-पिंपरीतील असंख्य लघुउद्योगांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, वाहिन्यांच्या देखभालीसाठी वीजही बहुधा गुरुवारीच बंद ठेवली जाते, आणि माणसे घरी व वीज गेलेली अशा वेळी पंखे आणि उपकरणे पुसायला घेणे साहजिक वाटते. परंतु वीज परत कधी येईल हे पुसणाऱ्याच्या हातात नसते. लॉकआउटची पद्धत शोधली गेली ती नेमक्या याच प्रसंगासाठी.

मुख्य बोर्डात ‘आरसीसीबी’ नावाचा खटका असेल तर संरक्षणाची एक भिंत अधिक मिळते. जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखाच आहे का, हे तो सतत पाहतो. त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे काही वीज माणसाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली आहे असे दिसले, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही, तो केवळ जास्त भार आणि शॉर्टसर्किट यांवर तुटतो. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून तो तुटतो की नाही हे पाहणे, ही घरातील सर्वांत स्वस्त सुरक्षा-तपासणी आहे, आणि ती सर्वांत दुर्लक्षितही आहे.

स्वच्छ काय करायचे, हा यापुढचा प्रश्न. या पट्ट्यातील धूळ साधी नसते. मोशी परिसरातील दगडखाणी, वाकड-पुनावळे-ताथवडे भागांतील बांधकामे आणि काँक्रीट तयार करणारे प्रकल्प, पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण रस्ता यांवरून अखंड धावणारे मालट्रक, फाउंड्रीतील वाळू, ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी आणि वाहनांच्या धुराची काजळी हे सारे खिडकीतून घरात येऊन टीव्हीच्या मागच्या झरोक्यांत, वायफाय राउटरच्या जाळीत आणि लॅपटॉपच्या पंख्यात बसते. कोरडी असेपर्यंत ही धूळ प्रामुख्याने पांघरुणासारखी वागते: उष्णता बाहेर पडू देत नाही, त्यामुळे पंखा जोरात फिरतो आणि सुटे भाग तापून त्यांचे आयुष्य घटते. खरा घात पावसाळ्यात होतो. धुळीत क्षार असतात, आणि प्रत्येक क्षाराची हवेतील बाष्प ओढून स्वतःच त्यात विरघळण्याची एक ठरावीक आर्द्रता असते. साध्या मिठासाठी ती सुमारे ७५ टक्के आहे. आषाढ-श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते यामुळेच. या महिन्यांत मावळच्या वाऱ्याखालील या भागात हवेतील आर्द्रता त्या मर्यादेपलीकडे वारंवार जाते, आणि मग सर्किट बोर्डावर बसलेल्या धुळीला बरणीतल्या मिठासारखेच पाणी सुटते. हे पाणी क्षारांचे असल्याने त्यातून वीज वाहते, शेजारशेजारच्या दोन जोडांमधील धातू त्यात विरघळून एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकू लागतो, त्याची केसाएवढी बारीक फांदी तयार होते आणि एके दिवशी दोन्ही टोके जुळतात. ‘पावसाळ्यात टीव्ही आपोआप गेला’ असे म्हटले जाते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा फाल्गुन-चैत्रात बसलेली धूळ असते.

यावरून साफसफाईच्या वेळेबद्दल एक निष्कर्ष निघतो, आणि तो रूढ पंचांगाशी जुळत नाही. घटस्थापना आणि दिवाळी यांपूर्वीची साफसफाई घरासाठी उत्तमच आहे, कारण पावसाळ्यातील ओल आणि बुरशी तेव्हा काढायची असते. परंतु विजेच्या उपकरणांच्या दृष्टीने ती उशिरा येते, कारण ओल्या धुळीने करायचे ते नुकसान तोवर करून झालेले असते. उपकरणांची मुख्य साफसफाई मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, वळवाच्या पावसाने हवा ओलसर होण्याच्या आतच व्हायला हवी. शेतकरी मृगाआधी नांगर-कुळव नीट करून ठेवत आला आहे, तेव्हा हा मुहूर्त मराठी घराला परका नाही.

धूळ काढण्याची पहिली रीत नेहमी कोरडी असावी. मऊ केसांचा रंगाचा ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी जरा दूर धरून केलेली झटकणी एवढ्यात बाहेरून दिसणारे बहुतेक काम होते. या पट्ट्यात याऐवजी एक वेगळीच सोय हाताशी असते, ती म्हणजे गॅरेजमधील किंवा वर्कशॉपमधील कॉम्प्रेसर, आणि संगणकाची पेटी तेथे नेऊन हवा मारून आणणारे पुष्कळ आहेत. ही सवय मोडायला हवी. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा ६ ते ८ बार, म्हणजे वातावरणाच्या सहा ते आठ पट दाबाने भरलेली असते. दाबली गेलेली हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, त्यात कॉम्प्रेसरचे तेल मिसळते, आणि फिल्टर नसेल तर हे तेलकट पाणी धुळीसह थेट बोर्डावर उडते. शिवाय त्या झोताने संगणकाचा छोटा पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. हाताने दाबायचा रबरी फुगा किंवा छोटा ब्लोअर वापरावा, आणि तोही पंख्याची पाती बोटाने वा काडीने धरून ठेवल्यावरच. उघडलेल्या बोर्डाला हात लावण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत कपड्यांच्या घर्षणाने शरीरावर स्थिर विद्युतभार साठतो. त्याचा चटका माणसाला जाणवतो तो सुमारे ३००० व्होल्टच्या पुढे, तर काही सूक्ष्म घटक १०० व्होल्टच्या आतही निकामी होतात. इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडणाऱ्या कारखान्यांत मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतात तो यासाठी. घरात आवरण उघडण्याच्या भानगडीत न पडणे हेच बरे.

वर्कशॉपमधून घरी येणाऱ्या आणखी तीन वस्तूंबद्दल सावध राहावे लागते. पहिली ‘वेस्ट’, म्हणजे यंत्रे पुसण्याच्या सुती चिंध्या व धाग्यांचे गुंते. एकदा वापरलेल्या वेस्टमध्ये धातूचे बारीक किस अडकलेले असतात, आणि तिने पडदा पुसला तर त्यावर कायमचे ओरखडे उठतात. दुसरी थिनर. प्लॅस्टिकच्या कॅबिनेटवरील डाग थिनर, पेट्रोल किंवा नखांचा रंग काढणारे ॲसिटोन यांनी लवकर निघतात, परंतु टीव्हीच्या चौकटी, रिमोट आणि मिक्सरची आवरणे बहुधा एबीएस किंवा तत्सम प्लॅस्टिकची असतात आणि ही द्रावणे त्या प्लॅस्टिकलाच विरघळवतात. पृष्ठभाग चिकट व पांढुरका होतो आणि पुढे तेथेच तडे जातात. तिसरी वस्तू म्हणजे गंज सोडवण्याचा स्प्रे. १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी दूर सारण्यासाठी तयार झालेला डब्ल्यूडी-४० या पट्ट्यातील प्रत्येक टूल रूममध्ये सापडतो आणि अडकलेल्या बोल्टसाठी तो गुणकारीही आहे. मात्र तो मागे तेलाचा पातळ थर ठेवतो, त्यावर धूळ चिकटते, म्हणून चार्जिंगच्या जागेत किंवा कळफलकात साधा डब्ल्यूडी-४० मारणे अयोग्य ठरते. विद्युत जोडांसाठी मागे काही न ठेवता उडून जाणारा ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ वेगळा मिळतो.

कारखान्यात खिशात राहणाऱ्या मोबाइलची तऱ्हा याहून निराळी आहे. फोनच्या स्पीकरमध्ये आणि कानात घालायच्या इअरबडमध्ये छोटे पण प्रबळ चुंबक असतात, त्यामुळे ग्राइंडिंग किंवा टर्निंगच्या विभागात हवेत उडणारी लोखंडाची भुकटी त्यांच्या जाळीवर दाट लव उगवल्यासारखी बसते आणि आवाज बसका येऊ लागतो. फुंकून किंवा ब्रशने ती निघत नाही, कारण चुंबक तिला परत ओढतो. टाचणीने कोरल्यास जाळी फाटते. चिकटपट्टीचा गोंदाचा भाग जाळीवर हलकेच टेकवून उचलणे, किंवा चिकट पुटीचा गोळा दाबून काढणे, हे पुन्हापुन्हा केले की ती भुकटी निघते. चार्जिंगच्या खाचेत साठलेला कापसाचा व धुळीचा बोळा काढण्यासाठी फोन पूर्ण बंद करून लाकडी दातकोरणी वापरावी. धातूची पिन आत गेली तर दोन संपर्कबिंदू एकमेकांना जोडले जातात.

पडद्याच्या काचेवर बोटांचे तेल चिकटू नये म्हणून एक अतिशय पातळ लेप दिलेला असतो. घासणारी पूड, ब्लीच आणि काच पुसण्याची अमोनियायुक्त द्रावणे यांनी तो झिजतो. निर्जंतुकीकरणासाठी ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल असलेली ओलसर पुसणी कठीण पृष्ठभागावर हलक्या हाताने चालते, असे ॲपल कंपनीने करोनाच्या साथीच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, आपल्या सूचनांत समाविष्ट केले. हातांचा सॅनिटायझर मात्र याला पर्याय ठरत नाही, कारण त्वचेसाठी त्यात ग्लिसरीन असते आणि ते काचेवर चिकट थर ठेवते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, तेव्हा देवघरात समई तेवत असताना शेजारी ते वापरू नये. दूरचित्रवाणी संचाच्या बाबतीत एकच नियम कटाक्षाने पाळावा: द्रव पडद्यावर न फवारता कापडावर घ्यावा. फवारलेला थेंब ओघळून खालच्या कडेला जातो, चौकटीच्या फटीतून आत शिरतो आणि तेथेच पडद्याला जोडणाऱ्या नाजूक पट्ट्या असतात. पडद्यावर उभी रेघ उमटण्यामागे हे एक कारण असते. देवघराजवळच्या टीव्हीवर धूप-कापराची तेलकट काजळी असते. तिच्यासाठी शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले मायक्रोफायबर कापड पुरते. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा मऊ असतो आणि बाहेरील आवरणासाठी तो उत्तम आहे, पण त्याच तुकड्याने आधी ओटा पुसलेला नसावा.

स्वयंपाकघरात सर्वाधिक हाल होतात ते मिक्सरचे, आणि त्याची रचना समजली तर त्याला कसे पुसावे हे सांगावे लागत नाही. त्याची मोटार मिनिटाला १८-२० हजार फेऱ्यांपर्यंत जाते. तिच्यातील फिरत्या भागाला कार्बनच्या दोन छोट्या कांड्या, म्हणजे ‘ब्रश’, घासत राहून वीज पोचवतात, आणि मोटार थंड राहावी म्हणून तळाशी हवेच्या खिडक्या ठेवलेल्या असतात. ओले वाटण करताना भांड्याच्या तळातील पात्याच्या दांड्याभोवतीचे ‘बुश’ झिजलेले असेल, तर खोबरे, मीठ आणि चिंच यांचे पाणी तेथून झिरपून खालच्या कपलरवर आणि पुढे मोटारीच्या बेअरिंगवर उतरते. भांडे उचलल्यावर तळाशी काळपट ओल दिसली, तर साफसफाईने तपासणीचे काम केले असे समजून आधी बुश बदलून घ्यावे. मोटारीचा भाग नळाखाली कधीही धरू नये. पिन काढून, कपलरच्या खळग्यातील वाळलेले वाटण साबणाच्या फेसात बुडवून झटकलेल्या जुन्या टूथब्रशने सोडवावे, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, खालच्या खिडक्या कोरड्या ब्रशने झाडाव्यात आणि पूर्ण वाळल्याखेरीज पिन लावू नये. फ्रिजच्या बाबतीत दाराच्या रबरातील चिकटा कोमट साबणपाण्याने काढणे आणि मागची जाळी कोरड्या ब्रशने झाडणे एवढे पुरते. बर्फ सुरीने खरवडणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो आणि सुरीचे टोक त्याच्या नळीला भोक पाडू शकते.

पाण्याशी संबंध येणाऱ्या उपकरणांचा प्रश्न या शहरात विशेष बिकट झाला आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून पवनेचे पाणी दिवसाआड देणे सुरू केले, आणि नव्याने वाढलेल्या उपनगरांतील अनेक सोसायट्यांना बोअरवेल व टँकरवर विसंबावे लागले. दख्खनच्या काळ्या कातळातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, त्यालाच जड किंवा कठीण पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसेल तेव्हाची मर्यादा ६०० मिलिग्रॅम दिलेली आहे. हे पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट विघटित होऊन खडूसारखा पांढरा थर नेमका तापणाऱ्या पृष्ठभागावर बसतो. गिझरच्या कॉइलवर तो साचला की उष्णता पाण्यात जाण्याऐवजी कॉइलमध्येच कोंडते, वीज जास्त जळते आणि कॉइल फुटते. विजेच्या किटलीतील असा थर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पाण्यात घालून उकळून, काही वेळ मुरू देऊन आणि दोनदा स्वच्छ धुऊन सहज निघतो. धुलाई यंत्रासाठी उत्पादकाने सांगितलेली क्षारनाशक पूड वापरून रिकामे यंत्र गरम पाण्यावर चालवावे आणि कापसाची जाळी व दाराच्या रबराची घडी हाताने पुसावी. बाथरूम साफ करण्याचे आम्ल येथे वापरू नये, कारण त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलच्या ड्रमलाही खाते. आणि कोणत्याही आम्लात ब्लीच मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. गिझर उघडून कॉइल घासण्याचे काम मात्र जाणकार तंत्रज्ञाचेच आहे, आणि मायक्रोवेव्ह भट्टीचे आवरण तर पिन काढल्यानंतरही कोणी उघडू नये, कारण आतील कपॅसिटर हजारो व्होल्टच्या दाबाने भरलेला राहू शकतो.

एअर कंडिशनरची आतील जाळी महिन्यातून दोनदा वाहत्या पाण्याखाली धुऊन सावलीत वाळवावी. बाहेरच्या यंत्राला दाबाचा फवारा मारण्याचे काम तंत्रज्ञाकडून करून घेताना विद्युत फलक झाकला आहे ना, हे घरातील माणसाने उभे राहून पाहावे.

पावसात भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय सर्वदूर पसरला आहे, पण तांदूळ आतील पाणी ओढून घेत नाहीत आणि त्यांचा कोंडा खाचांत शिरतो. ॲपलनेही २०२४ मध्ये याविरुद्ध स्पष्ट सूचना दिली. फोन ताबडतोब बंद करावा, खाच खाली करून हलकेच झटकावा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये. खरे नुकसान पाणी आणि वीज एकत्र आल्यावर होते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या टोकांवर येणारी पांढरी-हिरवट पूड गंधकाम्लाच्या वाफेतून तयार झालेली असते. तिला हात लावण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करून त्याची पिन काढावी, हातातील अंगठ्या व बांगड्या उतरवाव्यात, कारण पान्हा किंवा बांगडी दोन्ही टोकांना टेकली तर ती क्षणात तापून लाल होते. आधी ऋण टोकाची तार सोडवावी, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने पूड काढावी, ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, आणि कोरडे झाल्यावर टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ ज्योत नसावी.

फाइव्ह एसच्या पहिल्या पायरीत नको असलेल्या किंवा संशयास्पद वस्तूला लाल चिठ्ठी लावून ती बाजूला ठेवतात. घरातील पुसापुशीत अशी चिठ्ठी मागणाऱ्या खुणा ठरलेल्या आहेत: तपकिरी पडलेली किंवा वितळू लागलेली पिन, करपल्याचा वास, कडक होऊन तडकलेली वायर आणि फुगलेली मोबाइल वा लॅपटॉपची बॅटरी. तपकिरी पिन बहुधा बोर्डातील ढिल्या संपर्काची खूण असते, तेव्हा पिनेबरोबर सॉकेटही बदलावे लागते. फुगलेली लिथियम बॅटरी टोचू, दाबू किंवा पुन्हा चार्ज करू नये, आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नये, कारण कचरा दाबणाऱ्या वाहनात ती चिरडली गेली की पेट घेते आणि तिच्या शेजारी उभा असलेला सफाई कामगार त्या आगीत सापडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. अशी बॅटरी कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत संकलकाकडे पोचेपर्यंत ती कोरड्या वाळूच्या डब्यात, उन्हापासून आणि मुलांपासून दूर, ठेवावी.